हवेची पट्टी

ये गं, अशी जवळ ये. तिथं उंबऱ्यापाशी काय बसतीस परक्यासारखी? वर्ष वर्ष तोंड दाखवत नाहीस, आणि आलीस की निम्मं लक्ष घड्याळाकडं. ते काही नाही. चहा ठेवलाय, निवांत घे. म्हाताऱ्या बाईचं बोलणं लांबतं, मला ठाऊक आहे. पण आज लांबलं तरी मधेच उठू नकोस. आज जे सांगणार आहे ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या यांना नाही, सासूबाईंना नाही. देवापुढं हात जोडून बसायची तेव्हाही हे तेवढं सोडून बाकीचं सगळं बोलायची. परवापरवापर्यंत हे माझ्या एकटीपाशी होतं.

गोष्ट एका मशीनची आहे. हसतीस? हास. एका मशीनची, आणि त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या, तळहातात मावेल एवढ्या पत्र्याच्या पट्टीची.

आमचं गाड्या धुवायचं सेंटर तुला माहीत आहेच — वेरूळच्या रस्त्याला, शहर सुटतं आणि डोंगर अजून सुरू झालेला नसतो, त्या मधल्या जागेत. घर मागं, शेड पुढं. तेव्हा घरात आम्ही मोजकी माणसं. सासूबाई, आमचे हे, माझा धाकटा दीर भास्कर — लग्न होऊन मी आले तेव्हा हा चड्डीत होता, माझ्या हातचं खाऊन वाढला — आणि मी. मला सगळे आक्का म्हणायचे. शेती होती, पण आकाशाकडं बघत बसायची. भास्कर ट्रकवर जायचा, त्याला गाड्यांची माणसं माहीत, म्हणून सेंटर काढलं.

आणि एक दिवस भास्करनं ते धूड आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं. रंग कधीकाळी पिवळा असावा. साध्या मशीनमधून गार पाणी जोरात येतं, एवढंच. याच्या पोटात लांबलचक नळीचं वेटोळं होतं, त्याला कॉइल म्हणायचं, आणि त्या वेटोळ्यावर जाळ सोडणारा डिझेलचा बर्नर. पाणी आत गार शिरायचं आणि वेटोळ्यातून फिरत फिरत बाहेर येईतो कढत व्हायचं. मग ग्रीस असो, काळं ऑइल असो, दुधाच्या टँकरला धरलेली साय असो — सगळं आपसूक सुटायचं. त्या रस्त्याला तेव्हा असं मशीन दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

त्या सकाळी मला अजून दिसतात. खरं सांगू का, आता दुपारी डोळा लागतो तेव्हा मी तिथंच असते. थंडीचे दिवस, डोंगरावरून ऊन खाली उतरायच्या बेतात, आणि शेडात वाफ. एवढी वाफ की रस्ता दिसायचा नाही, समोरचा ट्रक दिसायचा नाही. नुसते आवाज यायचे — कुणी खाकरतंय, कुणाच्या बांगड्या, पाण्याची सूंऽऽ. आपण ढगात संसार मांडलाय असं वाटायचं. ढगातली माणसं कशी, एकमेकांना नीट दिसत नाहीत. तशीच आम्ही होतो बघ.

हं. कुठं होते मी? बर्नर.

बर्नर पहिल्यांदा काही नीट पेटेना. भास्करनं केलं, यांनी केलं. नुसता काळा धूर. शेवटी शहरातून रशीदमिस्त्री आला. पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "बाई, जरा हाथ लगाव, ये पट्टी पकड के रखो." पुरुषमंडळी रस्त्यावर ट्रकवाल्याशी घासाघीस करत होती, म्हणून माझ्या हातात ती पट्टी आली. बर्नरला हवा फुंकणारा पंखा असतो. त्याच्या तोंडाला भोकं असतात आणि त्या भोकांवर ती पट्टी गोल फिरते. फिरवली की भोकं झाकतात, उलटी फिरवली की उघडतात. बोटानं सैल होणारा एक स्क्रू. बास.

मिस्त्री म्हणाला, "आग को हवा कम दिये तो काला रोती. ज्यादा दिये तो सफेद रोती. हवा बरोबर, तो हसती." त्यानं माझ्याच हातानं पट्टी हळूहळू उघडवली. बोटाचं पेर जाईल एवढी फट पडली आणि आत जाळ बदलला. आधी मळकट, धापा टाकणारा होता, तो एकदम स्वच्छ पिवळा झाला आणि एका सुरात गुणगुणायला लागला. मिस्त्रीनं स्क्रू आवळला, चहा संपवला आणि गेला. पट्टीबद्दल बाकी कुणाला त्यानं सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. ही मंडळी परत आली तेव्हा मशीन चालू होतं आणि त्याच्या शेजारी मी उभी होते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं बया. आक्काचा हात लागला अन् पेटलं."

इथं तुला एक सांगायला हवं. मला मूल नव्हतं. लग्नाला किती वर्षं झाली होती ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गोष्टी सांगत आईनं मला लहानाची मोठी केली, मी त्यानंतरची. आमच्या वेळी मूल नसलेल्या बाईचं काय व्हायचं ते तुला पुस्तकातनं कळणार नाही. कुणी तोंडावर बोलायचं नाही. फक्त बारशाला गेलं की मागच्या रांगेत जागा मिळायची. ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, "आक्का, तेवढा चहाचं बघता का?" मी चहाचं बघायची. आख्ख्या गल्लीचा चहा बघितलाय मी.

आणि त्या दिवशी — आक्काचा हात लागला अन् पेटलं.

कसं सांगू तुला ते काय होतं? तहानेल्याला पाणी म्हणतात, तसं नाही. तहान असते हेच ज्याला माहीत नव्हतं, त्याला पाणी.

मग रोज सकाळी मशीनला हळद-कुंकू मीच लावायचं, बर्नर मीच पेटवायचा, असं ठरून गेलं. सुरुवातीला उदबत्तीपण लावायची. हे ओरडले, "डिझेलच्या टाकीपाशी उदबत्ती? वर जायची घाई झालीय का तुला?" तेव्हा उदबत्ती गेली, कुंकू राहिलं. आणि मी खरंच शिकले गं. ते खोटं नाही. कुणी शिकवलं नाही, हाताळून हाताळून शिकले. धुराचा वास घेऊन सांगायची काय बिघडलंय. आमच्या बोअरचं पाणी जड, कॉइलला आतून क्षार धरायचा. तो कधी काढायचा ते पाण्याच्या धारेवरून कळायचं मला. डिझेलच्या टाकीच्या तळाला पाणी साचायचं, ते सोडायची. तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं त्या बर्नरला मी सांभाळायची.

बायका घरी यायला लागल्या. "आक्का, लोणच्याच्या बरणीत पहिली मूठ तुमची घाला. तुमच्या हाताला गुण हाय." मी मूठ घालायची. लोणचं टिकायचं. लोणचं तसंही टिकतं म्हणा.

मग भास्करचं लग्न झालं आणि सुमन आली.

सुमनबद्दल बोलायचं तर — थांब, पाणी पिते.

दहावी शिकलेली, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, आणि हसायची कशी, तर पदर तोंडाला लावायचं भान नसायचं. सासूबाई म्हणायच्या, "हळू हस गं, रस्त्यावरच्या गाड्या थांबतील." तर ही म्हणायची, "थांबू द्या की आत्याबाई, धुवून देऊ." असली. आल्या आल्या माझ्या मागं लागली, "आक्का, मला शिकवा की मशीन." मी शिकवलं. फिल्टर डिझेलमध्ये कसा धुवायचा. ठिणगीच्या तारांवरची काजळी कशी पुसायची. डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या भोकात तार कधी घालायची नाही, भोक वाकडं झालं की जाळ वाकडा होतो. बंद करताना आधी बर्नर बंद करायचा आणि कॉइल निवेपर्यंत गार पाणी सोडत राहायचं. सगळं खरंखरं शिकवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

पट्टीचं तेवढं सांगितलं नाही.

का? मुद्दाम नव्हे, असं मी लई वर्षं म्हणत आले. राहून गेलं, विषय निघाला नाही. तुला पटतं? मलाही नाही पटत.

पहिल्यांदा घडलं ते मात्र चुकून घडलं. एका संध्याकाळी मी पंख्यावरची धूळ पुसताना पट्टी फिरवून झाकली आणि उघडायची विसरले. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेलेली, ट्रकवाला घाई करत होता, म्हणून सुमननं पेटवलं. काळा लोट गेला तो थेट गच्चीवर, आणि गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत घातलेल्या. मी ओले केस घेऊन धावत आले. सुमन उभी, नाकावर काजळी, आणि सासूबाई वरून म्हणताहेत, "आक्काच्या हातानं जाळ, अन् हिच्या हातानं धूर."

ती हसली. तेव्हा ती अजून हसत होती. मला म्हणाली, "तुमच्यावर जीव हाय त्याचा, आक्का. मला वळखत नाय ते."

मी काय करायला हवं होतं? "माझी चूक, पट्टी राहिली" — एवढंच. चार शब्द. मी हळद-कुंकवाची वाटी आणली, मशीनमागं वाकले, पदर पुढं घेतला आणि कुंकू लावता लावता पट्टी उघडली. मग बटण दाबलं. जाळ गुणगुणायला लागला. कुणीतरी म्हणालं, "बघा."

त्या "बघा"साठी मी पुढं रोज संध्याकाळी पट्टी झाकायला लागले.

हो. रोज. मशीन पुसायच्या निमित्तानं झाकायची, सकाळी कुंकवाच्या निमित्तानं उघडायची. मी माहेरी गेले की मशीन धुरानं खोकायचं, भास्कर वैतागायचा आणि गार पाण्यावर काम चालायचं. मी परत आले की जाळ हसायचा. घरच्यांनी सगळं करून बघितलं, पण त्या पट्टीकडं कुणी बघितलं नाही, कारण जिथं कुंकू लागलं तिथं आपली माणसं पाना-पेचकस घेऊन जात नाहीत. मला हे ठाऊक होतं. म्हणूनच मी कुंकू तिथं, पट्टीशेजारी लावायची.

पण एवढंच असतं तर मी तुला जवळ बोलावून सांगितलं नसतं. ही फुशारकीची चोरी झाली. असल्या चोऱ्या घराघरात असतात. खरं ते पुढं आहे, आणि मी मघापासनं त्याच्याभोवती फिरतेय. कळतंय ना तुला?

सुमनला दिवस गेले. घर कसं उजळलं ते काय सांगू. नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात, आमच्याकडं मशीन. धुवायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि पूजेनंतर बर्नर पेटवायचा. दरवर्षीचा तो मान माझा. आदल्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "यंदा सुमनच्या हातानं पेटवू. पोटुशी बाईचा हात, त्याच्यापरीस शुभ काय असतंय? आता तिच्या हातानं धूर नाय व्हायचा." आमचे हे म्हणाले, "व्हय, बरोबर हाय." सुमननं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "नको, आक्काच पेटवतील." तर सासूबाई म्हणाल्या, "आक्काचं झालंय की इतकी वर्षं."

वाईट हेतूनं नव्हत्या बोलल्या. पण मला ऐकू काय आलं? आक्का, तेवढा चहाचं बघता का.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेडात गेले. ऊन उतरलेलं, डोंगर जांभळा झालेला, रस्त्यावरून गुरं घरी चाललेली, त्यांच्या खुरांची धूळ शेडात तरंगत होती, सोन्यासारखी. इतकी शांत संध्याकाळ मी परत पाहिली नाही. मशीन धुऊन ठेवलेलं. पट्टी उघडी होती, दिवसभर कामच चाललं होतं. मी तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. कितीतरी वेळ. घरातून सुमनचं गुणगुणणं ऐकू येत होतं, ती माळा ओवत होती.

हात नुसता ठेवला होता आणि पट्टी आपोआप फिरली असेल — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण नुसत्या हातानं ती पट्टी फिरत नाही. आधी स्क्रू सैल करावा लागतो. मी केला. मग पट्टी पूर्ण झाकली. मग स्क्रू परत आवळला. रोजच्यापेक्षा जास्त आवळला.

सकाळी शेजारपाजारची माणसं आली होती. सुमन हिरवं लुगडं नेसली होती, पोटाला ताण पडू नये म्हणून जरा मागं झुकून चालत होती. दोन्ही हात मशीनला लावून नमस्कार केला आणि बटण दाबलं.

तो धूर. झेंडूची माळ काळी पडली, नारळ काळा पडला, तिचं लुगडं, तिचे हात. तिनं बंद करून परत दाबलं. परत तसंच. मग सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या — ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं — "राहू दे गं बाई. तुझा हात नको."

सुमननं दोन्ही हात पदराखाली घेतले.

आणि मी? मी वाटी घेऊन पुढं झाले. कुंकू लावलं, वाकले, अंगठ्याचं नख मोडेपर्यंत स्क्रू फिरवला, पट्टी उघडली, पेटवलं. माणसांनी श्वास सोडला. त्या नखाचा कोपरा अजून वाकडाच उगवतो. हा बघ.

थंडीत सुमन बाळंत झाली. मूल गेलेलंच आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळ गळ्याभोवती होती, कुणाच्या हातातलं नव्हतं. कुणाच्या हातातलं नव्हतं — हे त्या बोलल्या, आणि घरात सगळ्यांनी त्यातला "हात" तेवढा ऐकला. खंडेनवमीचा धूर सगळ्यांना आठवला. कुणी म्हणालं नाही, पण लोणच्याच्या दिवसांत बरणी तिच्यापासनं लांब सरकली. विरजण तिला लावू देईनात. आणि वाईट ते हे, की तिला स्वतःलाच ते पटलं. तिचं हसणं तेव्हा थांबलं. बोलायची, कामं करायची, पण हात पदराखाली. देवाला फूल वाहायचं तर भास्करला म्हणायची, तुम्ही वाहा.

मी तेव्हा तरी बोलले का? तूच सांग, ती वेळ नव्हती का? रडणाऱ्या बाईच्या शेजारी मी बसले होते, तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हाच हात.

पुढं दोनेक वर्षांनी नंदू झाला. धडधाकट. सुईणीनं सुमनपुढं धरला तर ती भिंतीकडं सरकली. म्हणाली, "आक्कांकडं द्या. पहिला हात त्यांचा लागू दे." तो माझ्याकडं आला. पाजण्यापुरता तिच्याकडं जायचा आणि लगेच माझ्याकडं. न्हाऊ मी घातलं, तेल मी लावलं, मऊ भात मी भरवला. पहिल्यांदा पाऊल टाकलं ते माझ्या दिशेनं. मला तो मोठी आई म्हणतो. सुमन दारात उभी राहून बघायची. सगळी आळी म्हणायची, जावा असाव्यात तर अशा. आणि मी — हे सांगायची लाज वाटते, पण सांगते — मी सुखात होते गं. इतकी वर्षं रिकामी असलेली माझी मांडी भरली होती. ती कशी भरली ते मला ठाऊक होतं आणि तरीही मी सुखात होते. रात्री झोप लागायची मला. लोकं म्हणतात पाप टोचतं. माझं नाही टोचलं. ते तान्ह्यासारखं माझ्या कुशीत झोपायचं.

मग सासूबाई गेल्या, हे गेले, भास्करही लवकर गेला. नंदूला कंपनीत नोकरी लागली, पुंडलिकनगरात त्यानं घर घेतलं, सुमन त्याच्याकडं गेली. मी इथंच राहिले. मशीनला आता काम नाही, पण मी त्याला अधूनमधून पेटवते. माणसाला सवय असते.

आता ऐक. गेल्या महिन्यात नंदूला मुलगी झाली. बारशाला मला न्यायला तो स्वतः आला. पाळणा सजवलेला, माणसं जमलेली. नंदूच्या बायकोनं बाळाला उचललं आणि सासूपुढं धरलं. शहरातली पोरगी, तिला काय ठाऊक? "आई, घ्या ना, तुम्ही ठेवा पाळण्यात." आणि सुमन — केस पांढरे झालेत आता तिचे — तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तशीच. म्हणाली, "माझा हात नको गं. मोठ्या आईकडं दे."

पोरगीनं बाळ माझ्यापुढं धरलं.

मी घेतलं.

समजतंय का तुला? मी घेतलं. या वयाला, काही गमवायचं राहिलेलं नसताना, तोंड उघडायच्या ऐवजी मी हात पुढं केले. ते बाळ उबदार होतं, दुधाचा वास येत होता, आणि मी त्याला पाळण्यात ठेवलं, बायकांनी गाणं म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढं नुसती वाफ. त्या वाफेत हिरव्या लुगड्यातले दोन काळे हात.

चार-सहा दिवस मी इथं बसून काढले. मग एका दुपारी उठले, रिक्षा केली आणि पुंडलिकनगरला गेले. नंदू कामावर, सून अंघोळीला. सुमन खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तुला आत्ता सांगितलं तसंच सांगितलं, याहून तुटक. मिस्त्री, पट्टी, कुंकू, कुरडया. खंडेनवमीची संध्याकाळ. स्क्रू. मी सैल केला, मी झाकली, मी आवळला. तुझ्या हाताचा काही संबंध नव्हता, सुमन. कधीच नव्हता.

ती मेथी निवडत राहिली. पानं इकडं, काड्या तिकडं. मला वाटलं ऐकलं नाही की काय. मग मान वर न करता तिनं विचारलं, "किती उघडायची असती ती?"

"काय?"

"पट्टी. किती उघडायची असती?"

मी बोट पुढं केलं आणि पेरावर नख ठेवून दाखवलं. "एवढी."

"एवढीच?" म्हणाली. आणि स्वतःचं बोट समोर धरून, त्याच्या पेरावर नख ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. मेथीच्या रसानं तिची बोटं हिरवी झाली होती.

तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. सून न्हाणीत, पाण्याचा आवाज चालू. सुमन उठली. माझ्याकडं बघितलं नाही. नळाखाली हात धुतले, पुसले, आत गेली. मी बसले होते तिथून आतलं दिसत नाही. पाळणा हलवला की त्याची कडी करकरते, बारशाला ऐकली होती मी. मी कान देऊन बसले. कडी वाजली नाही. रडणं मात्र थांबलं.

मी चपला घातल्या आणि निघाले. वाकून बघायचा मला अधिकार नव्हता. फोन तिनं केलेला नाही, मीही केला नाही. तिनं माफ करावं असं काही मी मागितलं नाही आणि तुझ्याकडंही काही मागत नाही. तू मला वाईट म्हटलंस तर तेच बरोबर आहे. मूल नव्हतं म्हणून, सासूबाई बोलल्या म्हणून — यातलं काही माझ्या बाजूला मांडू नकोस. पट्टी माझ्या हातानं झाकली होती.

चहा गार झाला बघ तुझा. दे, परत गरम करते. आणि आता गेलीस की वर्षभर गायब होऊ नकोस. थंडी पडली की ये, सकाळी लवकर ये, डोंगरावरून ऊन उतरायच्या आधी. मशीन शेडातच आहे. पट्टी आता उघडीच ठेवते मी, पेराएवढी. बटण तू दाब. कुणाच्याही हातानं पेटतं ते. ये लवकर.